भिंत पिवळी होताना

१२ जानेवारी

ठमे,

चार वेळा फोन केला, चारही वेळा तू उचलला नाहीस. पाचव्यांदा करणार होतो, तर तुझी मामी म्हणाली, "तिला बोलायचं नसेल तर वाजवत काय बसायचं, घंटा आहे का ती?" म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडीचे पाय. सोळाव्या वर्षी रेकॉर्डिंगच्या खोलीत झाडू मारायला आणि वायरी गुंडाळायला लागलो, त्यानंतर वहीला हात लावला नाही. सांभाळून घे.

जावईबापूंना जाऊन परवा दोन महिने झाले. 'सावर' वगैरे मी म्हणणार नाही. कामाचं बोलतो. त्यांचा सिनेमा जुळवून तयार आहे, कापाकापी त्यांनी जायच्या आधी स्वतःच संपवली. उरलं काय, तर रंग आणि आवाज. रंग तुझ्याकडे, आवाज माझ्याकडे. निर्मात्यांनी जूनच्या मध्यापर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाकडून तरी उरकून घेणार, तसा करारच आहे. म्हणजे जावईबापूंचा चेहरा कोणीतरी तिऱ्हाईत रंगवणार. ते तुला चालणार असेल तर ह्या पत्राला उत्तर देऊ नकोस.

माझं निम्मं काम झालंय. जावईबापूंनी स्वतः केलेला बायको गेलेला गणिताचा मास्तर, तिची खोली बंद करून वर्षभर बाहेर झोपणारा, तिथे एकटं व्हायोलिन ठेवलंय. शेवटी तो खोली उघडतो, शिडीवर चढून भिंती पिवळ्या रंगवतो, तिथे बासरी. दुःखाला काय वाजवायचं आणि बरं होण्याला काय, हे आमच्या धंद्यात माझ्या आधीपासून ठरलेलं आहे, त्यात माझा दोष नाही. शिडीच्या प्रसंगाचा मूळ आवाज जरा मळका होता, तो मी तेव्हाच धुऊन ठेवलाय. तिकडे तू लक्ष घालू नकोस.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

फोन उचलत नाही ते तुझ्या कानांमुळे. मी 'बरी आहे' म्हटलं की तू विचारणार, "मग नाक का चोंदलंय?" कागदावर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून कागद बरा.

तिऱ्हाईताचं लिहून तू मला बरोबर कोंडीत पकडलंस. काल कामाची अंधारी खोली उघडली. तो शेवटचा माझ्या खुर्चीवर बसला होता, खुर्चीची उंची अजून त्याच्या पायांची आहे. बसले तर माझे पाय लोंबकळले. उद्या काम सुरू करते.

त्याने मला रंगांचं एक पान लिहून दिलं होतं. सुरुवात सगळी राखेची. मास्तरचे कपडे, भिंती, ताटातलं अन्नसुद्धा. मग एकेक रंग परत येतो, आधी हिरवा, मग तांबडा, पण इतका सावकाश की बघणाऱ्याला कळू नये. शेवटी पिवळी भिंत. खाली लिहिलंय, 'दुःख जात नाही, त्याच्यामागची भिंत तेवढी बदलते.' मी त्याला म्हटलं होतं, वाक्य भारी आहे, पण पिवळ्यापुढे माणसाची कातडी नेहमी आजारी दिसते, मला निस्तरावं लागणार. तो म्हणाला, "म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं."

व्हायोलिन काढ. घरातलं माणूस गेल्यावर कानात व्हायोलिन वाजत नाही. मला विचार. दिवसभर फ्रिज ऐकू येतो.

ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

व्हायोलिनवाल्याला तुझं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "फ्रिजला सुरात लावून दाखवा, मी राजीनामा देतो." मीही हट्टाला पेटलो. घरचा फ्रिज चोवीस मिनिटं रेकॉर्ड केला. मामी दूध काढायला आली तर तिला हाताने थांबवलं, ती अजून बोलत नाहीये. पण तुझं खरं निघालं. मास्तर एकटा जेवायला बसतो तिथे फ्रिज लावला आणि तो एकदम बंद पडू दिला. व्हायोलिनवालाच म्हणाला, "गेली बघा बाई." इतकी वर्षं मी लोकांना रडवायला वाद्यं भरत आलो, आणि रडू येतं ते काही काढून घेतल्यावर.

बासरी मात्र राहू दे. शिडीच्या प्रसंगाला बासरी लागतेच. तिथे दुसरं काही ऐकू यायला नको.

जेवतेस का, असं मामीने विचारायला सांगितलंय. म्हणजे बोलली.

मामा


६ मार्च

मामा,

हे कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि ह्यातलं कळणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.

शूटिंग चालू होतं तेव्हा रोजचं चित्रण संध्याकाळी माझ्याकडे यायचं. मी ते सारखं करून परत पाठवायचे. सारखं करायचं म्हणजे, पहिल्या दिवसाचा त्याचा चेहरा नमुना म्हणून डाव्या पडद्यावर लावलेला. उजव्या पडद्यावर आजचा चेहरा. आजचा त्या नमुन्याला जुळेपर्यंत टेबलावरची रंगांची चाकं फिरवायची. जूनमध्ये जराशी फिरवावी लागायची. ऑगस्टमध्ये मी तांबडा बराच वाढवत होते, ओठांतला निळा काढत होते. मला वाटलं, दिवे बिघडलेत. कॅमेरावाल्याला चिठ्ठी पाठवली, 'तुझा उजेड निळा पडतोय, डोळे तपासून घे.' तो म्हणाला, बाई, दिवे तेच आहेत. मग मेकअपवाल्या ताईंना धारेवर धरलं. त्या रडल्या.

काल शिडीचा प्रसंग उघडला. माझ्या टेबलावर एक बटण आहे. ते दाबलं की मी केलेलं सगळं निघून जातं आणि कॅमेऱ्याने पाहिलं तेवढं उरतं. दाबलं. पिवळ्या भिंतीपुढे एक मेलेला माणूस ब्रश फिरवत होता. ओठ जांभळे. डोळ्यांखाली शिशाचा रंग. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यावर आलेले.

मग मी उलटी मागे गेले, एकेक दिवस, बटण दाबत. चार महिने तो माझ्यापुढे सावकाश मरत होता आणि मी रोज संध्याकाळी त्याच्या गालांवर लाली चढवत होते. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचं हे दुखणं चार-पाच महिने तरी आत चाललं असणार, वेळेवर आणलं असतं तर औषधांवर निभावलं असतं.

तू म्हणशील, घरी दिसत नव्हता का. दिसायचा. पण दिवसभर मी त्याला पडद्यावर बघायचे, आणि तिथे तो छान दिसायचा. तो दमून दारात टेकला की मी म्हणायचे, "नाटकं नकोत, आजच्या चित्रणात किती ताजा दिसतोस."

मी हा सिनेमा पुरा करणार नाही. त्या तिऱ्हाईताला करू दे.

ठमी


११ मार्च

ठमे, पोरी,

पत्र वाचलं. मग फाटकापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं.

ऐक. सुताराला लाकडातली गाठ दिसते, झाड दिसत नाही. तुला चुकीचा रंग दिसला, तू बरोबर केलास, तुझं काम ते. दोष घ्यायचाच म्हटलास तर तुला रांगेत उभं राहावं लागेल. कॅमेरावाला आहे, मेकअपवाल्या ताई आहेत, आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः जावईबापू, ज्यांनी 'मला धाप लागते' म्हणायला एकदाही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा होतोच की तिथे, शिडीच्या दिवशी, दिवसभर हेडफोन लावून. मला कुठे काही कळलं? कोणालाच कळलं नसतं.

सिनेमा सोडू नकोस. त्यांनी तुझ्यावर टाकलाय तो.

मामा


२९ मार्च

मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नीट झोपले. तुझ्यासारख्या कानाचा माणूस दिवसभर शेजारी बसून त्याला कळलं नाही, तर मला काय कळणार होतं. हे एक वाक्य मी धरून बसले आहे.

सिनेमा पुरा करते. पण एक ठरवलंय. भिंती, झाडं, कपडे सगळं त्याच्या पानाप्रमाणे. त्याच्या कातडीला मात्र मी हात लावणार नाही. कॅमेऱ्याने पाहिली तशी राहील. म्हणजे जगाला रंग चढत जाईल आणि त्याचा उतरत जाईल. निर्मात्यांना सांगितलं. ते म्हणाले, शेवटी लोकांना बरं वाटायला हवं. मी म्हटलं, लोकांना वाटेल तसं वाटू दे.

मला शिडीच्या प्रसंगाचा मूळ आवाज पाठव, तू धुतलास त्याच्या आधीचा. बासरी नको. ब्रश भिंतीवरून फिरतो तेवढा ऐकायचाय.

ठमी


४ एप्रिल

ठमे,

कातडीचं तू ठरवलंस ते धाडसाचं आहे. मी असतो तर कचरलो असतो.

मूळ आवाजाचं मात्र जमेलसं दिसत नाही. ती डिस्क गेल्या महिन्यात बसली. धंद्यात असं होतं. आणि खरं सांगू का, त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावरची रहदारी, आपल्या माइकवाल्याची चुळबुळ. तुला आठवतो ना तो, लांब काठी धरून एका पायावर उभा राहतो म्हणून सगळे बगळा म्हणतात. माझं ऐक, बासरी राहू दे. बासरीवाल्याने जीव ओतलाय. रंग तू खरा ठेवतेसच, आवाज तरी मऊ असू दे. दोन्हीकडून मारलं तर प्रेक्षक कुठे जाईल?

मामा


२० एप्रिल

मामा,

माइकवाले मूळ आवाजाची एक प्रत स्वतःकडे ठेवतात. हे तुम्हीच मला शिकवलंत. बगळ्याने ती दिली.

शिडीचा प्रसंग, तिसरा टेक, १९ सप्टेंबर. ब्रशच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो. ओल्या वाळूतून कोणी पाय ओढत चालावं तसा. मग तुमचा आवाज.

"थांबा. जावईबापू, भाता फार वाजतोय तुमचा. भिंत रंगवताय की लोहारकाम करताय?"

सगळे हसतात. तोही हसतो. हसता हसता खोकायला लागतो. बावीस सेकंद खोकतो.

मग तो म्हणतो, "मामा, जरा बसू का?"

"बसा की. बगळ्या, माइक छातीपासून लांब घे, भिंतीकडे धर. उरलेलं मी धुऊन काढतो."

तुम्ही मला लिहिलं होतंत, मला कुठे काही कळलं. त्या वाक्यावर मी महिनाभर जगले.

ह्यापुढे कामाचं काही असेल तर बगळ्यामार्फत कळवावं.


२४ एप्रिल

ठमे,

'तुम्ही' वाचलं. लागायचं तिथे लागलं.

डिस्क बसलेली नाही. माझ्या कपाटात आहे.

मला कळलं होतं. माझ्या बापाची छाती शेवटच्या वर्षी अशीच वाजायची. एका खोलीत आम्ही सहाजण झोपायचो, तो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. हेडफोनमध्ये तो आला आणि मी ओळखला. एक क्षण. मग मनात आलं, तिसरा टेक आहे, खिडकीतला उजेड चाललाय, भिंत अर्धी रंगवून झालीये, पुन्हा पांढरी करता येणार नाही. आणि पुढच्या क्षणी तो आवाज माझ्यासाठी मळ झाला. चाळीस वर्षं मळ काढतोय मी. पंखा, विमान, कुत्रं, नटांच्या पोटातली गुडगुड. हात सवयीने चालतात.

संध्याकाळी तुला फोन करून सांगणार होतो की ह्यांना डॉक्टरकडे ने. म्हटलं, आधी एवढा तुकडा साफ करू. बसलो. श्वास इतका सफाईने निघाला की पुन्हा लावून ऐकला तेव्हा मलाच वाटलं, काही नव्हतंच. फोन केला नाही. त्या सफाईचं मला कौतुकसुद्धा वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

त्यांना पोचवायला आलो तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "मामा, काहीच कळलं नाही रे." आणि मी म्हटलं, "हो ग."

माफी मागत नाही. मागितली की द्यायची का नाही हे ठरवण्याचं काम तुझ्या मागे लागेल.

मामा


१७ मे

ठमे,

उत्तर मागायला लिहीत नाही. एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगतो.

तू कातडी खरी ठेवणार म्हणून मी श्वास परत जागच्या जागी बसवायला घेतला. मला वाटत होतं, शिडीचा तेवढा एकच प्रसंग मी धुतलाय. जुन्या नोंदी काढल्या. शूटिंगचा आवाज आठवड्याच्या आठवड्याला माझ्याकडे यायचा ना, तेव्हापासून मी धूतच होतो. पहिली नोंद २७ जूनची. माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'श्वास, किरकोळ, काढला.' ऑगस्टपासून 'किरकोळ' लिहिणंही सोडून दिलंय. एकूण एकतीस ठिकाणी. बगळ्याच्या प्रतीतून तुला हे कधी कळलं नसतं, कारण नोंदी फक्त माझ्याकडे आहेत.

एकतीसही परत बसवले. एकही आवाज वाढवला नाही, एकही कमी केला नाही. मामीने अर्धं ऐकलं आणि उठून गेली.

मामा


८ जून

मामा,

एकतीसचा आकडा तू दडपला असतास तर दडपला गेला असता. म्हणून हे पत्र.

तुझ्यावर रागवायला बसते. सगळा दिवस राखून ठेवते त्याच्यासाठी. अर्ध्या तासात दिसायला लागतं, की तू म्हातारा माणूस वाकून बसलायस आणि श्वास काढतोयस, आणि शेजारच्या खुर्चीत मी लाली लावतेय, आणि दोघंही मान वर न करता एकमेकांना म्हणतोय, "झालं की हो आता, छान दिसतंय." राग तिथेच राहतो, पण तो नुसता तुझ्यावर ठेवायला जागा उरत नाही. माफ केलं असं समजू नकोस. मला ते येत नाही अजून.

सिनेमा पुरा झाला, काल पाठवला. बासरी मी शेवटी ऐकली. चांगली आहे. माणूस दिसेनासा झाल्यावर, नावांच्या पाट्या येतात तिथे लावलीये. तो दिसतोय तोवर दुसरं काही वाजू नये.

महिनाअखेरीला पहिला खेळ आहे. मी जाणार नाही, माझ्याने बघवणार नाही. तू जा. मागे बस. लोक काय बोलतात ते ऐक आणि मला लिही. काही धुऊ नकोस.

ठमी


३० जून

ठमे,

काल दुपारचा खेळ पाहिला. शेवटून दुसरी रांग. थिएटर निम्मं भरलेलं. जसं ऐकलं तसं लिहितो.

सुरुवातीला एकजण म्हणाला, "रंगीत आहे ना रे, की फसवलं?" फ्रिज बंद पडला तेव्हा सगळे गप्प झाले. हिरवा कधी आला कोणाला कळलं नाही, जावईबापूंना हवं होतं तसंच.

माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. बाई पन्नाशीची, बाजारातून तशीच आलेली, मांडीवर पिशवी. विसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "अहो, ह्याला बरं नाहीये."

नवरा म्हणाला, "बायको मेलीये त्याची. बरं कसं असेल?"

"तसं नव्हे हो. ओठ बघा त्याचे. आणि ऐका जरा."

"पिक्चर आहे ग."

विसाव्या मिनिटाला, ठमे. ना रंगाची, ना आवाजाची, कोण कुठली बाई.

त्यानंतर तिने गोष्ट बघितलीच नाही. पडद्यावर कोणी दारात आलं की ती पुढे सरकायची. शेजारी आला, तिने नवऱ्याला कोपर मारलं, "हा नेईल बघा आता." शेजारी चहा पिऊन गेला. "गेला मेला तसाच." मास्तरचा जुना विद्यार्थी आला. "हा शिकलेला दिसतो, ह्याला कळेल." तोही वही घेऊन गेला. मग तिने कोपर मारायचं सोडलं.

शिडीच्या प्रसंगाला बाकीचे हुंदके देत होते, पण ते बरं वाटल्याचे हुंदके होते. माझ्या मागचा एकजण म्हणाला, "सावरला शेवटी." भिंत पिवळी होत गेली, तुझा पिवळा सुंदर आहे, आणि त्याच्यापुढे जावईबापू जसे होते तसे होते. बाईने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. पुटपुटत होती, "उतर. उतर रे खाली." मग अंधार झाला, बासरी आली, लोक उठले. ती बसून राहिली. नवऱ्याने पिशवी उचलली तेव्हा उठली.

जिन्यात मी त्यांच्या दोन पायऱ्या मागे होतो. ती म्हणाली, "त्याच्या घरचे काय आंधळे-बहिरे होते का?"

नवरा म्हणाला, "अग, घरचं कोणी दाखवलंच नाही."

मला बाजूने निघून जाता आलं असतं, जिना रुंद होता. मी म्हटलं, "नाही बाई. डोळे चांगले होते, कानही चांगले होते."

ती वळली. मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. म्हणाली, "तुम्ही कोण त्याचे?"

म्हटलं, "घरचा."

मामा